नवा टीव्ही आला आणि माणसं जाडी झाली : एचडीचे पहिले अनुभव

गॅलरीतला | 13 डिसेंबर 2016

घरातला 21 इंची डबा अखेर गेला. बंद पडला नव्हता. हिरवट झाक यायची आणि डाव्या अंगाला एक चापट मारली की जायची. चापट मारायचं खातं आईकडे. 2000 सालचा टीव्ही, अजून वर्षभर सहज ओढला असता. पण नोटाबंदीत हातात रोख नाही आणि दुकानात कार्ड चालतंय, तर म्हटलं आत्ताच घेऊन टाकू. डोंबिवलीतल्याच एका दुकानातून 40 इंची फुल एचडी आणला.

दुकानात भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत : पोपट, मधाची धार, बर्फाचे डोंगर, परत पोपट. पोपटाच्या पिसाची मधली काडीसुद्धा दिसत होती. मी तिथेच गार.

घरी माणूस आला, भिंतीला ठोकून गेला, केबलच्या बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना मागे खुपसून गेला. संध्याकाळी आईची मालिका लागली. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग आई म्हणाली, "ही एवढी जाडी कधी झाली रे?"

सगळेच जाडे झाले होते. नायिका, तिची सासू, बातम्या सांगणारा पोरगा. आणि वर चित्र इतकं पुसट की पावसात भिजलेलं वर्तमानपत्र परवडलं. बाबा चष्मा पुसून आले. मी मनात ईएमआयचा हिशोब करत बसलो. जुन्या डब्यावर यापेक्षा चांगलं दिसायचं, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात एचडी बॉक्स घेतला आणि एचडीएमआयची वायर लावली. रविवारी वानखेडेवर कोहलीचे 235 बघितले. काय सांगू! जमीनच वेगळी होती. गोलंदाजांच्या पावलांनी उखडलेली जागा, अश्विनचा चेंडू त्यात पडला की उडणारी धूळ, कोहलीच्या हातमोज्यावर घामाने काळवंडलेला पट्टा. बाबा सामना सोडून प्रेक्षकच बघत होते. "अरे, हा बघ वडापाव खातोय."

सामना संपला, बातम्या लावल्या, परत तेच पावसात भिजलेलं वर्तमानपत्र. शंभरातल्या चार वाहिन्या काचेसारख्या आणि बाकीच्या अशा, हे असंच असतं का? बसायचं किती लांब? आणि आईला बाजूच्या काळ्या पट्ट्या चालत नाहीत, त्याचं काय करू?

मुगाची_उसळ | 13 डिसेंबर 2016

आमच्याकडे सासूबाई : "पडदा अर्धा का लावलाय? पैसे पूर्ण दिलेत ना?" तेव्हापासून आमच्याकडे सगळे जाडे आहेत आणि घरात शांतता आहे.

तिसरी_पिन | 13 डिसेंबर 2016

माझं नाशिकला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळी झाली की महिनाभर याच तक्रारीचे फोन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या टीव्हीत काही बिघाड नाही. साध्या वाहिनीचं चित्र जास्तीत जास्त 720 गुणिले 576 ठिपक्यांचं, म्हणजे साधारण 4 लाख 15 हजार ठिपके. तुमच्या पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार. बरोबर पाचपट. पाचातला एक ठिपका खरा आणि चार टीव्हीने शेजारच्यांकडे बघून अंदाजाने भरलेले. वर केबलवाला एकाच चॅनेलच्या जागेत ढीगभर वाहिन्या कोंबतो, त्यामुळे तो एक खराही धड नसतो. जुन्या डब्यात हे झाकलं जायचं. पडदा लहान, शिवाय काचेच्या नळीत एका रेघेचा उजेड शेजारच्या रेघेवर थोडा सांडायचा. झुळझुळीत पडद्याआडून बघितल्यासारखं. नवा टीव्ही तो पडदा काढून टाकतो आणि मागचा पसारा दिसतो.

आता पिना. पिवळ्या पिनेतून एचडी येत नाही. कधीच नाही. उजेड आणि रंग दोन्ही त्या एका तारेतून कोंबून येतात आणि टीव्ही ते पुन्हा सोडवत बसतो, म्हणून लाल साडीच्या काठाला मुंग्या लागल्यासारखं दिसतं. नव्या बॉक्सचे पैसे भरलेले, महिन्याचे जादा पैसेही भरलेले, आणि बसवणाऱ्याने सवयीने पिवळी पिन लावलेली, अशी घरं मी डझनाने बघितली आहेत. एका काकांनी दोन वर्षं असं एचडी बघितलं. मी वायर बदलल्यावर काकू म्हणाल्या, "दोन वर्षांचे पैसे परत मागा." कोणाकडे मागणार?

एचडीएमआय लावल्यावरही बॉक्सच्या मेनूत जाऊन आउटपुट 1080 वर आहे ना ते बघा. काही बॉक्स 576 वर ठेवूनच हातात देतात.

गॅलरीतला | 13 डिसेंबर 2016

आत्ता उठून बघितलं. 576 वरच होतं! म्हणजे रविवारचा कोहली मी अर्धवटच बघितला. 1080 केलं तर परवाच्या धुळीतले खडेही दिसतील बहुतेक.

आणि जाडेपणा?

तिसरी_पिन | 14 डिसेंबर 2016

जुनं चित्र 4 आडवं नि 3 उभं. नवा पडदा 16 नि 9. ताणून भरलं की रुंदी एक तृतीयांशाने वाढते. साठ किलोची नायिका ऐंशीची. रिमोटवर 'आस्पेक्ट' किंवा 'पिक्चर साइझ' असं काहीतरी असेल, ते 4:3 वर ठेवा, माणसं मूळ पदावर येतील आणि बाजूला काळ्या पट्ट्या येतील. दोन्ही नको असेल तर झूम आहे, पण त्यात वरखाली मिळून पाव चित्र जातं.

रिकामी_खुर्ची | 14 डिसेंबर 2016

झूमचं नाव काढू नका. आमच्या वडिलांनी जुना तमाशापट झूम करून लावला होता. पूर्ण लावणीभर बाईचे पाय पडद्याबाहेर. घुंगरांचा आवाज येतोय, पाय नाहीत. वडील म्हणे, "मग राहिलं काय?"

वाशिष्ठीकाठ | 14 डिसेंबर 2016

डिसेंबरात सगळ्यांचंच एचडी छान दिसतं. जुलैत चिपळूणला या.

आमच्याकडे डिशची छत्री आहे. पाऊस जोराचा लागला की आधी एचडी वाहिन्या जातात, त्याच कार्यक्रमाची साधी वाहिनी आणखी पाच-दहा मिनिटं तग धरते, मग तीही जाते. कारण मी एका माहीतगाराला विचारलं होतं. घरगुती छत्रीला येणारी लहर दोन-अडीच सेंटिमीटरची; पावसाचे थेंब ती गिळतात. आणि एचडीत एकाच लहरीवर जास्त माल लादलेला असतो, त्यामुळे गळती सहन होत नाही.

पूर्वी अँटेनाच्या काळात पाऊस आला तर मुंग्या यायच्या, सावल्या यायच्या, पण सामना चालू राहायचा. धाकट्या भावाला पत्र्यावर चढवायचं आणि खालून ओरडायचं : "आलं आलं, गेलं, परत डावीकडे!" आता चौकोन चौकोन होतात, माणूस तोंड उघडून थिजतो, मग काळा पडदा नि 'सिग्नल नाही'. पत्र्यावर चढूनही उपयोग नाही.

सिंहगडाकडे_तोंड | 14 डिसेंबर 2016

वा, अँटेना! आमच्या लहानपणी पुण्यात सगळे अँटेने सिंहगडाकडे तोंड करून उभे असायचे, तसंच आयडी घेतलंय. मुंबईकरांचे वरळीकडे. 1972 साली मुंबईला दूरदर्शन आलं नि वर्षभरात सिंहगडावरून पुण्याला. गच्चीवर गेलं की न विचारता गड कुठल्या दिशेला ते कळायचं.

धाग्याच्या विषयाला : नव्या टीव्हीचा आवाज कुणाला खटकला का? चित्र असं आणि आवाज डब्यातल्या माशीसारखा. जाडी दोन बोटं, त्यात स्पीकर कुठे बसवणार म्हणा.

मुगाची_उसळ | 14 डिसेंबर 2016

आवाजाला +1. आम्ही जुन्या टेपच्या स्पीकरला जोडलाय.

न्यू_जर्सीची_थंडी | 15 डिसेंबर 2016

इकडे उलटा प्रकार. 12 जून 2009 ला अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद झालं. जुना टीव्ही असणाऱ्यांना बॉक्स घ्यायला सरकारने 40 डॉलरची कुपनं वाटली होती, घरटी दोन. आम्ही नवे आलेलो, टीव्ही फुटपाथवरून उचललेला, त्यामुळे रांगेत आम्हीही.

गंमत अशी की इथे गच्चीवरच्या साध्या अँटेन्यावर एचडी फुकट येतं, आणि ते केबलपेक्षा स्वच्छ असतं. पण मराठी मालिका बघायच्या तर इंटरनेटवरून, नि तिथे संध्याकाळी सगळी मराठी मंडळी एकदम बसली की परत पावसात भिजलेलं वर्तमानपत्र. सासूबाई सहा महिने आल्या होत्या. फुकटच्या एचडीवर त्यांनी पूर्ण वेळ हवामानाच्या बातम्या बघितल्या. भाषा कळत नव्हती, पण "नकाशा काय सुरेख दिसतो".

रीळवेडी | 15 डिसेंबर 2016

मी बरीच वर्षं संकलनात काढली, म्हणून एक गोष्ट सांगते. यंदा मराठीत एचडी वाहिन्या एकामागून एक आल्या : स्टार प्रवाह, कलर्स मराठी, आता झी मराठी. तुम्ही त्यांच्यावर जुनं काही लागलं तर नीट बघा. पन्नास-साठ सालचा कृष्णधवल चित्रपट लख्ख दिसेल, पैठणीचा पोत दिसेल; आणि 1990 ची मालिका त्याच वाहिनीवर मेंगळट दिसेल. लोक म्हणतात, हे कसं, नवं ते जुन्यापेक्षा वाईट?

कारण चित्रपट 35 मिलिमीटरच्या रिळावर घेतलेला. रिळावर रेघा नसतात, चांदीचे कण असतात, आणि त्यांत एचडीला पुरून उरेल एवढा तपशील असतो. निगेटिव्ह धड असेल आणि नव्याने स्कॅन केली असेल तर साठ वर्षांपूर्वीचं एचडी आज बाहेर निघतं. मालिका टेपवर घेतलेल्या. यू-मॅटिक, नंतर बीटाकॅम. त्या टेपवर 576 रेघांपलीकडे काही नोंदलंच गेलं नाही. जे नोंदलंच नाही ते कुठलाही टीव्ही परत आणू शकत नाही. आम्ही तेव्हा टेप आली म्हणून पेढे वाटले होते. स्वस्त, लगेच बघता येते, लॅबला पाठवायची कटकट नाही. त्याची किंमत आत्ता कळते.

दुसरं, सेट. साध्या टीव्हीसाठी दगडी भिंत म्हणजे थर्माकोलवर रंग. कॅमेऱ्याला कळायचं नाही. एचडी आल्यावर रंगाऱ्याच्या ब्रशाचे फराटे दिसायला लागले. मेकअपचं तर विचारूच नका. पूर्वी पॅनकेकचा थर जाड द्यायचा, रेघांमध्ये विरून जायचा. आता कानाजवळ थर संपतो कुठे ती सीमा दिसते. माझ्या ओळखीचे एक मेकअपदादा म्हणायचे, "पहिले तीस वर्षं चेहरा लपवला, आता मेकअप लपवतोय."

गॅलरीतला | 15 डिसेंबर 2016

रीळवेडी, हे वाचून दाखवलं आईला. ती म्हणते हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं : "वाड्याचं दार ढकललं तर भिंत हलली." शिवाय मालिकेतल्या श्रीमंत सासूचा कोल्हापुरी साज नकली आहे आणि एकाच मण्याचा रंग उडालाय, हेही शोधून झालंय. आता कथानकाकडे लक्ष नाही, दागिने तपासणं चालू आहे.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. पट्टी काढल्यावर आधी तिने माझ्याकडे बघितलं नि म्हणाली, "तुझे केस एवढे कधी पिकले?" त्यामुळे एचडीचं कौतुक तिला आमच्यापेक्षा कमीच. तिने ते आधीच बघितलंय.

कशाला_पाहिजे | 16 डिसेंबर 2016

मला तर हे सगळं थोतांड वाटतं. आमच्याकडे 32 इंची आहे, खोक्यावर एचडी रेडी लिहिलंय. एकच सामना साध्या वाहिनीवर नि एचडीवर आलटून पालटून लावला. घरात पाच माणसं, एकालाही फरक सांगता आला नाही. अकरा फुटांवर सोफा. महिन्याचे जादा पैसे कापले जातात ते वेगळेच.

तिसरी_पिन | 16 डिसेंबर 2016

कशाला_पाहिजे, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि निष्कर्ष चूक.

32 इंची पडद्याची उंची साधारण 40 सेंटिमीटर. एचडीचा पूर्ण तपशील दिसायला उंचीच्या तिप्पट अंतरावर बसावं लागतं, म्हणजे सव्वा मीटर, चार फूट. तुम्ही अकरा फुटांवर, म्हणजे आठपटींच्याही पुढे. तिथून निरोगी डोळ्याला साध्या चित्राचे ठिपकेसुद्धा वेगळे दिसत नाहीत. त्यापेक्षा बारीक काही दाखवलं तरी डोळा ते घेणारच नाही. एचडी रेडी म्हणजे पॅनल बहुतेक 1366 गुणिले 768 चं, पण अकरा फुटांवरून ते फुल एचडी असतं तरी हेच झालं असतं.

गॅलरीतला, तुमचा 40 इंची 50 सेंटिमीटर उंच. दीड मीटर, म्हणजे पाच फूट. साध्या वाहिनीला याच्या दुप्पट लांब बसा, दहा फुटांवर. तिथून भिजलेलं वर्तमानपत्र वाळलेलं दिसेल.

गॅलरीतला | 16 डिसेंबर 2016

म्हणजे क्रिकेटला दिवाण पुढे आणि बातम्यांना दिवाण मागे? आमचा हॉल दहा बाय बारा. पाच फुटांवर दिवाण ठेवला तर गॅलरीतून स्वयंपाकघरात जायला दिवाणावरूनच जावं लागेल.

शिवाय आयुष्यभर "लांबून बघ, डोळे जातील" ऐकलंय. आता आईला कुठल्या तोंडाने सांगू की जवळ बसायला सांगितलंय?

रिकामी_खुर्ची | 17 डिसेंबर 2016

एक शंका. आमच्या नव्या टीव्हीवर सिनेमा लग्नाच्या कॅसेटसारखा दिसतो. भरपूर पैसे खर्चून काढलेला सिनेमा, आणि वाटतं की आत्ता कोणीतरी 'अक्षता घ्या' म्हणेल. माणसं तुरुतुरु चालतात. हा पण एचडीचाच गुण का?

रीळवेडी | 17 डिसेंबर 2016

नाही हो. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा. तुमचा टीव्ही मध्ये स्वतःची चित्रं घालून ते 50 किंवा 100 करतोय, हालचाल गुळगुळीत व्हावी म्हणून. लग्नाच्या कॅसेटमध्ये सेकंदाला 50 वेळा हालचाल टिपलेली असायची, त्यामुळे डोळ्याला तीच आठवण होते. सेटिंगमध्ये 'मोशन' नावाचं काहीतरी असेल, प्रत्येक कंपनीचं बारसं वेगळं. बंद करा. क्रिकेटला हवं तर चालू ठेवा.

आणि तिथेच आहात तर चित्राचा 'व्हिव्हिड' प्रकारही बदला. तो दुकानातल्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात शेजारच्या टीव्हीवर मात करायला असतो. घरात त्याने माणसं निळी दिसतात.

गॅलरीतला | 17 डिसेंबर 2016

व्हिव्हिड बदललं. आई म्हणते टीव्ही जुना झाला.

सिंहगडाकडे_तोंड | 19 डिसेंबर 2016

करुण नायर 303 नाबाद!!! चेन्नईहून एचडीत. तिसऱ्या शतकाला हेल्मेट काढलं तेव्हा कपाळावरचा पट्ट्याचा वळ दिसला. बाकी धागा नंतर वाचतो.

मुगाची_उसळ | 3 फेब्रुवारी 2019

धागा वर काढतेय. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नव्या नियमाने कोणाचं बिल किती आलं? पहिल्या शंभर वाहिन्यांना 130 रुपये, त्यावर कर धरून 153 रुपये 40 पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. आणि त्या शंभरात एक एचडी वाहिनी म्हणजे दोन साध्या धरतात. काल रात्री घरात यादी करायला बसलो. साडेअकरापर्यंत वाटाघाटी. सासूबाईंनी एचडी फक्त क्रिकेटला मंजूर केली : "मालिकेतल्या बायका कशा दिसतात ते मला माहीत आहे."

कशाला_पाहिजे | 3 फेब्रुवारी 2019

मी सगळ्या एचडी काढून टाकल्या. अजूनही अकरा फुटांवरच आहोत.

वाशिष्ठीकाठ | 11 जुलै 2019

काल धोनी धावबाद झाला तेव्हा आमच्याकडे मुसळधार. एचडी गेली, साधी लावली, गप्टिलने चेंडू उचलला, आणि साधीही गेली. चौकोनांत धोनी थिजलेला, बॅट हवेत. आम्ही बराच वेळ त्याला नाबादच धरून होतो. बाहेर शेजारी ओरडला तेव्हा कळलं.

गॅलरीतला | 11 जुलै 2019

आम्ही स्वच्छ बघितला. बॅट आणि रेषेच्या मधली ती एवढीशी माती, दहा वेळा, संथ गतीने. तुमचंच बरं होतं.

बाकी विचारणाऱ्यांसाठी : दिवाण होता तिथेच आहे, साडेआठ फुटांवर. वायर बरोबर, बॉक्स 1080 वर, मोशन बंद. फक्त दुपारी मी कामावर असताना आई रिमोटवरचं ते एक बटण दाबते आणि पडदा पूर्ण भरते. रात्री येऊन मी परत नीट करतो. आज सकाळी घाईत राहून गेलं. बातम्या सांगणारा जाडाच होता.